65 टक्के ई-13, मुदत तीन वर्षं: जर्मन विद्यापीठातल्या एका जाहिरातीचं प्रकरण

हे प्रकरण नमुना म्हणून बांधलेलं आहे. यातली उमेदवार कुणी एक व्यक्ती नाही आणि विद्यापीठाचं नावही मुद्दाम घेतलेलं नाही. पण नियम, रकमा आणि मुदती खऱ्या आहेत, आणि चुका महाराष्ट्रातून जाणाऱ्या अर्जांत पुन्हा पुन्हा होतात त्याच आहेत.

नॉर्थ-राइन वेस्टफालिया राज्यातलं एक सरकारी विद्यापीठ. भौतिकशास्त्र विभागात अर्धवाहकांच्या पातळ थरांवर काम करणारा एक प्राध्यापक-गट. फेब्रुवारी 2025 मध्ये विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘विसेनशाफ्टलिशर मिटआर्बाइटर’ पदाची, म्हणजे संशोधन-अध्यापन सहायकाची, जाहिरात लागली. उमेदवार पुण्याची: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची भौतिकशास्त्रातली एम.एस्सी., त्यानंतर एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत 14 महिने प्रकल्प सहायक, जर्मन भाषेची बी-1 परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातून उत्तीर्ण. पीएचडी करायची, एवढं तिच्या डोक्यात पक्कं होतं.

तिची पहिली चूक इथेच झाली. तिच्या लेखी ही पीएचडीची जाहिरात होती. प्रत्यक्षात ती नोकरीची जाहिरात होती आणि पीएचडीबद्दल तिच्यात फक्त अर्धी ओळ होती.

जाहिरातीचा शब्दन् शब्द

मजकूर मराठीत आणला तर असा: ‘वेतनगट 13, टीव्ही-एल, 65 टक्के, लवकरात लवकर रुजू, मुदत 3 वर्षं, मुदतीचा आधार वैज्ञानिक मुदतकरार कायद्याचं कलम 2, उपकलम 1, डॉक्टरेट करण्याची संधी दिली जाते.’ पुढे कामं: पातळ थर तयार करणं आणि मोजणं, प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांचं अध्यापन. अटी: भौतिकशास्त्र किंवा निकटच्या विषयात चांगल्या गुणांनी मास्टर्स, निर्वात तंत्राचा अनुभव, इंग्रजी उत्तम, जर्मन बी-2 ‘किंवा ती पातळी गाठण्याची तयारी’. पायथॉन आणि अध्यापनाचा अनुभव ‘असल्यास उत्तम’. शेवटी संदर्भ क्रमांक आणि 16 मार्च ही अंतिम तारीख.

टीव्ही-एल म्हणजे राज्यांच्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक वेतन करार. हेसे राज्याचा स्वतःचा वेगळा करार आहे, बाकी सगळीकडे हाच चालतो. त्यातला गट 13, म्हणजेच ‘ई-13’, मास्टर्स पातळीचं विद्यापीठीय शिक्षण मागतो. नुसत्या बी.ई.वर हा गट मिळत नाही, हे चार वर्षांची पदवी घेऊन थेट अर्ज करणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं.

65 टक्के हा पगाराचा आकडा आहे तसाच कामाच्या तासांचाही. या राज्यात पूर्ण आठवडा 39 तास 50 मिनिटांचा, म्हणून करारात साधारण 25 तास 53 मिनिटं लिहिलेली असतात. संगणकशास्त्रात आणि अभियांत्रिकीत 100 टक्क्यांच्या जाहिराती नेहमीच्या आहेत. प्रयोगशाळेच्या विज्ञानांत 65 ते 75, मानव्यशास्त्रांत बऱ्याचदा 50 ते 65. उरलेल्या तासांत माणूस घरी बसत नाही, स्वतःच्या प्रबंधावर काम करतो, असं गृहीत धरलेलं असतं. ही प्रथा आम्हाला न्याय्य वाटत नाही. 2021 मध्ये ‘इश बिन हाना’ या हॅशटॅगखाली जर्मनीतल्या तरुण संशोधकांनी जो संताप व्यक्त केला, त्याचं मूळ संशोधकांना ठरावीक मुदतीचेच करार देऊ देणाऱ्या मुदतकरार कायद्यात होतं, आणि अशा अर्ध्यामुर्ध्या पदांनी त्याला आणखी खतपाणी घातलं. पण अर्ज करणाऱ्याला सही करण्यापूर्वी हे माहीत असायलाच हवं.

‘डॉक्टरेट करण्याची संधी’ हे वाक्य पद कोणत्या प्रकारचं आहे ते सांगतं. उपकलम 1 म्हणजे पात्रता वाढवण्यासाठी दिलेली मुदत. जाहिरातीत उपकलम 2 असतं तर पद बाहेरच्या प्रकल्पनिधीवरचं ठरलं असतं. तिथे ‘निधी मंजूर झाल्यास’ ही शेपटी जोडलेली असेल, तर निवड होऊनही नेमणूक अडकू शकते. फरक पुढेही जाणवतो: प्रसूती किंवा पालकत्व रजेमुळे वाया गेलेला काळ उपकलम 1 च्या करारात शेवटी वाढवून मिळतो, उपकलम 2 मध्ये तसा हक्क नाही.

पहिला मसुदा का टिकला नसता

उमेदवाराने आधी तयार केलेलं पत्र दोन पानांचं होतं. सुरुवात लहानपणापासूनच्या विज्ञानाच्या ओढीने, मग विद्यापीठाच्या कीर्तीचा परिच्छेद, मग ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’. निर्वात तंत्राचा उल्लेख दुसऱ्या पानावर, एका ओळीत. भाषेबद्दल ‘जर्मन शिकायला मी उत्सुक आहे’. सोबत नऊ वेगवेगळ्या फायली, त्यांतल्या काही फोनने काढलेले फोटो. जीवनवृत्तात वडिलांचं नाव, जन्मगाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीनुसार सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र.

यात खोटं काहीच नव्हतं. तरी हा अर्ज पहिल्याच चाळणीत गळला असता. कारण समजून घेण्यासारखं आहे. जर्मन राज्यघटनेचं कलम 33, उपकलम 2 सांगतं की सार्वजनिक पद योग्यता, क्षमता आणि विषयातली कामगिरी यांवरच मिळावं. त्यामुळे निवड समितीला जाहिरातीतल्या अटींचा तक्ता करून प्रत्येक अर्ज त्यावर तपासावा लागतो आणि निवडीची कारणं फाइलमध्ये नोंदवावी लागतात. डावललेला उमेदवार न्यायालयात जाऊ शकतो. सक्तीची एक अट जरी कागदावर सिद्ध होत नसेल, तरी प्राध्यापकाची कितीही इच्छा असली तरी त्या उमेदवाराला घेता येत नाही. म्हणूनच ओळखीच्या सरांचं शिफारसपत्र तिथे अट भरून काढत नाही. आणि जाहिरात निघालेली असताना प्राध्यापकाला थेट ईमेल करून ‘माझा विचार व्हावा’ म्हणणंही निरुपयोगी. विषयाबद्दल एखादा नेमका प्रश्न विचारायला मात्र हरकत नाही. त्यासाठी जाहिरातीत संपर्काची व्यक्ती दिलेली असते.

दुसऱ्या मसुद्यात पत्र एका पानावर आलं आणि परिच्छेद जाहिरातीतल्या अटींच्या क्रमाने लागले. निर्वात तंत्राच्या परिच्छेदात आता असं होतं: आरएफ मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने काचेवर झिंक ऑक्साइडचे थर, जाडी 80 ते 200 नॅनोमीटर, जाडी प्रोफिलोमीटरने आणि स्फटिकरचना क्ष-किरण विवर्तनाने तपासली, टर्बो पंपाची जोडणी आणि गळती शोधण्याचं काम स्वतः केलं. शेवटचा तुकडा लहान वाटतो, पण प्रयोगशाळा चालवणाऱ्याची नजर तिथेच थांबते. यंत्र दुसऱ्याने चालवलं आणि आपण नमुना दिला, की झाकण उघडण्यापासून आपणच केलं, हा फरक त्यातून कळतो.

भाषेची अट तिने नीट वाचली नव्हती. ‘बी-2 किंवा ती गाठण्याची तयारी’ यातला ‘किंवा’ तिच्या फायद्याचा होता. पण तयारी म्हणजे उत्सुकता नव्हे, त्याला पुरावा लागतो. म्हणून ओळ अशी झाली: ‘बी-1 प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, बी-2 वर्गासाठी नाव नोंदवलं आहे, वर्ग एप्रिलमध्ये सुरू.’ नोंदणीची पावती जोडली. तक्त्यातला रकाना भरायला एवढं पुरतं.

अध्यापनासाठीही तसंच. एम.एस्सी. करताना तिने एस.वाय.बी.एस्सी.च्या 20 विद्यार्थ्यांच्या तुकडीचं प्रात्यक्षिक दोन सत्रं सांभाळलं होतं. आपल्याकडे ही गोष्ट कुणी लिहीत नाही, कारण महाविद्यालयात ती वरकड कामासारखी मानली जाते. इथे ‘असल्यास उत्तम’ या रकान्यातला तो तिचा सर्वात भक्कम मुद्दा होता. विभागप्रमुखांकडून विषय, तुकडी आणि कालावधी लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र तिने मिळवलं.

जीवनवृत्तातून वैयक्तिक माहिती काढली. समान वागणुकीचा कायदा 2006 पासून लागू आहे. छायाचित्र, धर्म, वैवाहिक स्थिती द्यायची गरज नाही. क्रम ताज्यापासून जुन्याकडे, प्रत्येक नोंदीला महिना आणि वर्ष. एम.एस्सी.चा निकाल आणि प्रयोगशाळेतली नोकरी यांच्या मधले पाच महिने तिने आधी गाळले होते. आता तिथे ‘नेट परीक्षेची तयारी’ असं सरळ लिहिलं. रिकामी जागा संशय उभा करते, साधं कारण करत नाही.

गुणांचा आकडा

जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. दहापैकी 8.2 सीजीपीए तसाच लिहिला तर वाचणाऱ्याला त्याचा अंदाज येत नाही. रूपांतरासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. किमान उत्तीर्ण श्रेणी 4 धरली तर 8.2 साठी 1.8 भागिले 6, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 1.9. किमान 5 असेल तर तोच आकडा 2.08 होतो. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी किती, हे गुणपत्रकाच्या मागे किंवा विद्यापीठाच्या पत्रावर छापलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर कार्यालय आपल्या समजुतीने आकडा धरतं आणि त्यावर वाद घालायची संधी मिळत नाही. आपण काढलेला आकडा लिहायचाच असेल तर शेजारी मूळ सीजीपीए आणि सूत्राचं नावही लिहावं.

पदवी मान्य आहे की नाही हे ‘अनाबिन’ या सरकारी विदागारात तपासतात. तिथे तिने स्वतःच्या महाविद्यालयाचं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि ती घाबरली. पण पदवी संलग्न महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देतं. शोधायचं ते विद्यापीठ. 2014 मध्ये पुणे विद्यापीठाचं नाव बदललं, त्यामुळे ज्यांची बी.एस्सी. त्याआधीची आणि एम.एस्सी. नंतरची आहे त्यांच्या कागदांवर दोन नावं दिसतात. अशांनी दोन्ही नावं एकाच संस्थेची आहेत, अशी एक ओळ जीवनवृत्तातच टाकावी.

सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये गेली: पत्र, जीवनवृत्त, एम.एस्सी.चं उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि गुणपत्रक, बी.एस्सी.ची पदवी आणि गुणपत्रक, अनुभवपत्रं, भाषा प्रमाणपत्र. आकार 5 एमबीच्या आत, फाइलच्या नावात संदर्भ क्रमांक. अंतिम तारीख म्हणजे अर्ज तिथे पोचण्याची तारीख, पाठवण्याची नव्हे. मार्चच्या मध्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते; तरीही शेवटच्या रात्रीवर विसंबू नये, कारण विद्यापीठांचे मेल सर्व्हर मोठी फाइल काही न कळवता परत फेकतात. तिने 11 मार्चला पाठवलं आणि पोच मिळाल्याची खात्री केली.

मुलाखत

एप्रिलमध्ये ऑनलाइन मुलाखत झाली, 40 मिनिटं. प्राध्यापक, गटातले एक वरिष्ठ संशोधक आणि समान संधी अधिकारी. ही तिसरी व्यक्ती बहुतेक वेळ काहीच बोलत नाही. ती प्रक्रिया तपासते, तिला प्रभावित करायचा प्रयत्न करू नये. सगळ्या उमेदवारांना मूळ प्रश्न तेच विचारतात.

दहा मिनिटांच्या सादरीकरणात तिने 18 स्लाइड आणल्या होत्या; तालीम करून सात ठेवल्या. सर्वात जास्त प्रश्न आले ते एका फसलेल्या गोष्टीवर: काही नमुन्यांत थर काचेपासून सुटत होता. तिने कारण सांगितलं, काचेची धुलाई अपुरी होती आणि थरातला ताण जास्त होता, आणि वायूचा दाब बदलून काय फरक पडला त्याचा आलेख दाखवला. अशा जागी ‘सगळं व्यवस्थित झालं’ असं म्हणणारा उमेदवार मागे पडतो.

अध्यापनाचा प्रश्न होता: दोन विद्यार्थ्यांच्या अहवालांत हुबेहूब तीच मोजमापं आली तर काय कराल? अपेक्षित उत्तर शिक्षेचं नाही. आधी दोघांची कच्ची नोंदवही मागायची, ते एकाच जोडीत होते का पाहायचं, मग प्रात्यक्षिक प्रमुखाला कळवायचं. तिने हेच सांगितलं, मोडक्या जर्मनमध्ये, मध्येच इंग्रजीत जाऊन. चाललं.

तिने विचारलेले प्रश्नही नेमके होते. प्रबंधाला कामाच्या वेळेतला किती वाटा मिळेल? काही राज्यांच्या कायद्यांत अशा पदासाठी किमान एक तृतीयांश वेळ राखीव आहे, म्हणून हे विचारण्यात काही वावगं नाही. दुसरा मार्गदर्शक कोण? गटात याआधीच्या डॉक्टरेट सरासरी किती वर्षांत पूर्ण झाल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना समोरच्याचा चेहरा बघावा, असं आमचं मत आहे.

निवड झाली, पण पद मिळालेलं नाही

एप्रिलच्या शेवटी प्राध्यापकांचा होकार आला. घरी पेढे वाटले गेले आणि तिने जुलैचं विमानाचं तिकीट बघायला सुरुवात केली. वेळापत्रक इथेच चुकतं. प्राध्यापकाचा होकार हा प्रस्ताव असतो. नेमणूक कर्मचारी विभाग करतो, आणि त्याआधी वैज्ञानिक कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाची संमती लागते. फाइलमध्ये एक कागद कमी असला तर सगळं पुढच्या बैठकीवर जातं.

इथे कमी होता तो पदवीचा मूळ कागद. तिच्याकडे उत्तीर्ण प्रमाणपत्र होतं, दीक्षान्त समारंभाची पदवी आली नव्हती. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत निकाल आणि पदवी यांच्यात महिने जातात. अर्जाला तात्पुरतं प्रमाणपत्र चालतं, करारासाठी बहुधा चालत नाही. ज्याला जर्मनीत जायचं आहे त्याने निकालाच्याच आठवड्यात पदवीसाठी अर्ज करावा.

दुसरा अडथळा अनुभवपत्राचा. गट 13 मध्ये पायऱ्या असतात. संबंधित कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव मान्य झाला तर पहिलीऐवजी दुसऱ्या पायरीपासून पगार सुरू होतो. तिचे 14 महिने त्यात बसत होते. पण प्रयोगशाळेचं पत्र आपल्या नेहमीच्या धाटणीचं होतं: ‘या कालावधीत त्यांचं वर्तन समाधानकारक होतं, त्यांना उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’ कर्मचारी विभागाला त्यातून काहीच कळत नाही. हवं ते असं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, पगारी नोकरी की शिष्यवृत्ती, कोणकोणती कामं. जेआरएफसारखी शिष्यवृत्ती नोकरी म्हणून मोजायला कार्यालयं का-कू करतात. प्रकल्प सहायकाची पगारी नेमणूक असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्यावं. तिला नवं पत्र मिळायला पाच आठवडे लागले, आणि तोवर करार पहिल्या पायरीवर तयार झाला होता.

करारावरची सही हा आणखी एक नाजूक टप्पा. जर्मन कायद्यानुसार मुदतीची अट काम सुरू होण्याआधी लेखी स्वरूपात, दोन्ही सह्यांनिशी झालेली असावी लागते. तसं नसेल तर मुदत अवैध ठरून करार बेमुदत होऊ शकतो. विद्यापीठं म्हणूनच इतकी सावध असतात की सही होईपर्यंत ईमेल खातंही उघडून देत नाहीत. ‘व्हिसा येईपर्यंत पुण्यातून विश्लेषण सुरू करते’ हा तिचा प्रस्ताव नाकारला गेला तो याच कारणाने.

व्हिसा: रकाना चुकला तर

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क 75 युरो. खरा प्रश्न हेतूचा रकाना कसा भरायचा हा असतो.

‘पीएचडी करायला जाते आहे’ म्हणून तिने आधी ‘शिक्षण’ निवडलं. त्या वाटेने गेलं की 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागू असलेलं एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, समोर येतं, आणि निर्वाहाचा पुरावा म्हणून गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो. तिच्याकडे नोकरीचा करार असताना यातलं काहीच लागत नव्हतं.

मग कुणी तरी ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक किमान पगार असलेल्या उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, सुचवलं. हिशेब करून बघू. फेब्रुवारी 2025 च्या तक्त्यात गट 13, पायरी 1 चा पूर्ण पगार 4,629.74 युरो. त्याचे 65 टक्के म्हणजे 3,009.33. वर्षाचे 36,112. डिसेंबरच्या 1 तारखेला नोकरीत असणाऱ्याला मिळणारी वार्षिक विशेष रक्कम या गटात 46.47 टक्के, म्हणजे सुमारे 1,398. एकूण 37,510. ब्लू कार्डची 2025 ची नैसर्गिक विज्ञानांसाठीची सवलतीची मर्यादा 43,759.80. सहा हजार युरो कमी पडतात. पद 100 टक्क्यांचं असतं तर सहज बसलं असतं.

योग्य वाट होती निवास कायद्याचं कलम 18 डी, म्हणजे संशोधकाचा परवाना. त्यासाठी विद्यापीठाचा करार किंवा ‘स्वीकृती करार’ लागतो. पगाराची ठरीव किमान रक्कम नाही, फक्त निर्वाह भागला पाहिजे, आणि रोजगार संस्थेची वेगळी मंजुरी लागत नाही. अट एवढीच की संशोधन हा पूर्णवेळ डॉक्टरेट अभ्यासक्रमाचा भाग नसावा. म्हणून फॉर्ममध्ये आणि मुलाखतीत स्वतःला विद्यार्थी म्हणवून घेऊ नये. पद, वेतनगट आणि कराराची तारीख सांगावी. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाकडून स्वीकृती कराराचा छापील नमुना मागितला की मिळतो. आपणहून तो क्वचितच पाठवला जातो.

व्हिसा सप्टेंबरच्या मध्यात आला. रुजू होण्याची तारीख 1 ऑक्टोबर 2025 ठरली.

पीएचडीचं दार वेगळं

नोकरी विद्यापीठ देतं, डॉक्टरेटचा उमेदवार म्हणून स्वीकार विद्याशाखेची समिती करते. तिथे पुन्हा पदवी तपासली जाते, पुन्हा प्रती, मार्गदर्शकाचं संमतिपत्र, मार्गदर्शन करार. समितीला एखादा विषय कमी वाटला तर अटीसह स्वीकार होतो: अमुक दोन परीक्षा वर्षभरात द्या. काही जण रुजू होऊन वर्षभर हा अर्जच करत नाहीत, कारण ‘आपण पीएचडी करतोय’ असं त्यांना वाटत असतं. मग दुसऱ्या वर्षी परीक्षेची अट येते आणि तीन वर्षांतलं एक सत्र त्यात जातं. पहिल्या महिन्यातच अर्ज टाकावा.

पहिले तीन महिने

आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आरोग्य विमा संस्था निवडायची, बँक खातं. पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो. या राज्यात तो राज्याचं वेतन कार्यालय काढतं. नोंदणी उशिरा झाली तर पहिला महिना कोरडा जातो. अशा वेळी लेखी विनंती करून आगाऊ रक्कम मागता येते. तरीही दोन महिन्यांचा खर्च आणि घराची अनामत जवळ असावी. अनामत मूळ भाड्याच्या तिप्पट इतकी असू शकते. 3,009 मधून अविवाहित व्यक्तीच्या हातात साधारण 2,000 युरोच्या आसपास पडतात.

पगारपत्रक पहिल्याच महिन्यात ओळ न् ओळ वाचायचं. तिच्या पत्रकावर पायरी 1 होती. नवं अनुभवपत्र जोडून तिने लेखी मागणी केली. टीव्ही-एलच्या कलम 37 नुसार अशी मागणी देय तारखेपासून सहा महिन्यांत केली नाही तर ती रक्कम कायमची बुडते. ऑक्टोबरच्या पगारासाठी शेवटची तारीख 30 एप्रिल 2026. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत.

दुसरी ओळ निवृत्तिवेतन निधीची. सार्वजनिक नोकरदारांच्या पूरक निधीत पगारातून 1.81 टक्के कापले जातात, पण हक्क मिळायला 60 महिने भरावे लागतात. 36 महिन्यांच्या करारात ते शक्य नाही. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या मुदतबंद वैज्ञानिक कर्मचाऱ्याला रुजू झाल्यापासून दोन महिन्यांत अर्ज करून या सक्तीतून बाहेर पडता येतं आणि ऐच्छिक योजना घेता येते. बहुतेकांना हे तिसऱ्या महिन्यात कळतं. तिला नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रतिनिधी मंडळाकडून कळलं, अर्ज वेळेत गेला.

शिकवण्याचे तास

पूर्ण पदाला साधारण 4 अध्यापन तास, तर 65 टक्क्यांना 2.6. एक अध्यापन तास म्हणजे सत्रभर दर आठवड्याला 45 मिनिटं. पण प्रात्यक्षिकाचा तास अनेक ठिकाणी अर्धाच मोजतात, म्हणजे 2.6 साठी प्रयोगशाळेत 5.2 तास, घड्याळाने जवळपास चार तास. आठवड्यातली एक पूर्ण दुपार गेली.

त्या दुपारचं स्वरूप आपल्याकडच्या प्रात्यक्षिकापेक्षा वेगळं असतं. विद्यार्थी दोघा-दोघांच्या जोड्यांनी येतात. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांची तोंडी चाचणी: आज लेन्सचं नाभीय अंतर मोजायचं आहे तर कोणत्या दोन पद्धती, कोणत्या पद्धतीत त्रुटी कमी आणि का. तयारी नसेल तर जोडीला परत पाठवायचा अधिकार शिक्षकाला असतो, आणि पहिल्या आठवड्यात तो वापरायला नव्या माणसाचा जीव होत नाही. मग मोजमापं, नोंदवहीवर शिक्षकाची सही, आठवड्याभरात अहवाल. अहवाल तपासणं हेच खरं काम. आठ जोड्या असतील तर आठ अहवाल, प्रत्येकी 30 ते 45 मिनिटं, त्यांत त्रुटीगणित चुकलेले परत पाठवायचे आणि सुधारून आले की पुन्हा वाचायचे. ही वेळ 5.2 तासांत कुठेच दिसत नाही.

भाषेची अट जाहिरातीत का होती ते इथे कळतं. अहवाल जर्मनमध्ये येतात. बी-1 वर ऐकून समजतं, पण ‘तुमचा निष्कर्ष तुमच्याच आलेखाशी विसंगत आहे’ हे न दुखावता लिहायला बी-2 सुद्धा कमीच पडतं. तिने नेहमी लागणाऱ्या पंचवीसेक शेऱ्यांची जर्मन यादी आधीच्या सहायकाकडून मागून घेतली आणि पहिलं सत्र त्यावर काढलं. सोपा उपाय, पण मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही.

घड्याळ

वैज्ञानिक मुदतकरार कायदा 2007 चा. डॉक्टरेटपूर्वी जास्तीत जास्त सहा वर्षं, नंतर आणखी सहा, वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ. पूर्ण वेळेच्या एक चतुर्थांशाहून जास्त तासांचा प्रत्येक मुदतबंद करार या सहांत धरला जातो, मग तो 65 टक्क्यांचा असो वा 30, आणि प्रकल्पनिधीवरचा असला तरीही. अपत्य असेल तर प्रत्येकी दोन वर्षं कमाल मर्यादा वाढू शकते, पण ती वाढ विद्यापीठाने द्यावी असा हक्क मात्र नाही.

तिचा करार 30 सप्टेंबर 2028 ला संपेल. प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्रबंध तीन वर्षांत क्वचित होतो, म्हणून मुदतवाढीची बोलणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू करावी लागतात. प्रतिनिधी मंडळाची फेरी आणि परवान्याचं नूतनीकरण दोन्ही त्यानंतर असतं. वाढ तोंडी ठरलेली असली तरी सही झालेली नसेल, तर 30 जून 2028 पर्यंत रोजगार कार्यालयात ‘काम शोधत आहे’ अशी नोंद करावी. करार संपण्याच्या तीन महिने आधी ही नोंद कायद्याने बंधनकारक आहे. चुकली तर पुढे बेकारी भत्त्याचा एक आठवडा कापला जातो. नोंद ऑनलाइन होते, वाढीव करार हाती आला की ती रद्द करता येते.